परदेसणीचं बी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

बदलीवाल्या बायांनो, हे तुमच्यासाठी आहे. नवऱ्याच्या हातात हुकूम पडला की आठ दिवसांत संसार खोक्यांत भरणाऱ्या, मुलांचे शाळेचे दाखले पर्समध्ये जपत गाव बदलणाऱ्या, दर तीन वर्षांनी नव्या दूधवाल्याला पहिल्यापासून शिकवणाऱ्या माझ्या बायांनो! आपलं एक जुनं गाऱ्हाणं आहे आणि ते आपण कुणापुढे कधी नीट मांडलं नाही. आपण लावलेल्या झाडाचं फळ आपण खात नाही. जबलपूरला मी पेरू लावला, तो दुसऱ्याच साहेबाच्या मुलांनी खाल्ला. रायपूरला लिंबू, भुजला शेवगा, लखनौला सीताफळ. नऊ गावं, नऊ झाडं. चव एकाचीही ठाऊक नाही. हा अन्याय नव्हे तर काय?

झालं, रोजनिशीतसुद्धा भाषण सुरू झालं. राजन म्हणतो की तुला आरशासमोर उभं केलं तरी तू आधी माइक वाजतो का ते बघशील. म्हणू दे. तीस वर्षं गावोगावच्या मंडळांत हुंड्यावर, बुवाबाजीवर, पाण्यावर घसा फोडून बोललेली बाई सत्तावन्नाव्या वर्षी गप्प कशी बसेल?

पण आज गाऱ्हाण्याचा दिवस नाही. आज घर मिळालं! राजनची ही शेवटची बदली. जानेवारीअखेर तो निवृत्त होईल आणि आम्ही जयपुरातच राहणार, असं मी जाहीर केलं आहे. झालान्याच्या सरकारी कचेऱ्यांमागच्या गल्लीत शेवटचं घर, खाली तीन खोल्या आणि मागे चांगलं दहा पावलांचं अंगण. अंगणाची भिंत संपली की जंगल. मोर भिंतीवर येऊन बसतात, आणि इथली माणसं बिबट्याबद्दल असं बोलतात जसं आपण शेजारच्या मांजराबद्दल बोलावं.

अनुयाला लगेच फोन केला. पोर नाशिकला असते, तिला आता तिसरा महिना लागला आहे. तिला म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आणि आता तुला माहेर आहे, त्याचा पत्ता तीन वर्षांनी बदलणार नाही. ती हसली, मग जरा रडली. मार्चमध्ये सातवा लागला की येणार आहे. तिच्यासाठी अंगणाकडची खोली.

१७ नोव्हेंबर, रविवार

घर लागलं. मागच्या भाडेकरूच्या वस्तू आवरल्या. गंधार नावाचा मुलगा होता, दर्यापूरकडचा, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. घरमालक म्हणाले की मुलगा सोन्यासारखा होता, पण एका सकाळी अचानक घरी जायचंय म्हणाला आणि गेला. लॅपटॉप नेला, बूट आणि चपला मात्र सगळ्या इथेच. चार जोड दाराशी ओळीनं लावून ठेवलेले. आजकालची मुलं!

अंगणात सगळीकडे वाळकं गवत, फक्त मागच्या भिंतीवर एक वेल. हिरवीगार, जाड पानांची, पाणी न घालता. बाग बघायला पवन नावाचे माळी ठेवले आहेत. पन्नाशीचे, डोक्यावर कायम लाल गमछा, कामापेक्षा गप्पा जास्त. त्यांना नाव विचारलं तर म्हणाले, नाव माहीत नाही मैडमजी, आम्ही हिला परदेसण म्हणतो. जंगलातली नाही, गावातली नाही, कुणाबरोबर आली कोण जाणे. मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, आप ही की बिरादरी की है.

मला आवडलं. परदेसण! मी तिला पाणी घातलं.

८ डिसेंबर, रविवार

गेले तीन आठवडे मी वेलीच्या नादी लागले आहे. राजन म्हणतो की मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना नवी सभासद मिळाली.

हिची फुलं पांढरी, मोहरीएवढी, आणि ती उमलतच नाहीत. मी रोज बसून पाहिलं. एक मधमाशी नाही, फुलपाखरू नाही, मुंगीसुद्धा नाही. वाचनालयातून वनस्पतिशास्त्राची दोन जाडजूड पुस्तकं आणली, तेव्हा उलगडा झाला. काही झाडांच्या कळ्या मिटलेल्या असतानाच आतल्या आत परागकण पडतात आणि बी धरतं. वारा नको, कीटक नको, जोडीदार नको. मी राजनला म्हटलं, या बाईला लग्नाला कुणी लागत नाही. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, म्हणून इतकी टवटवीत आहे.

शेंगा आता वाळल्या. करंगळीएवढ्या, उन्हात टक् करून फुटतात. आत पाच-सहा बिया. बी काय सुंदर! जवसाएवढं, काळं कुळकुळीत, पुढचं टोक सुईसारखं, मागे बोटभर रुपेरी शेपटी, सुताला पीळ द्यावा तशी पिळलेली. आपल्याकडच्या कुसळी गवताचं बी असतं त्याच जातीची करामत, पण कितीतरी देखणी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यानं बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. स्क्रू फिरवावा तसं, स्क्रू-ड्रायव्हरसकट जन्माला आलेलं!

मी प्रयोग केला. ओल्या पंच्याची चौपदरी घडी केली आणि वर एक बी ठेवलं. चहा होईपर्यंत ते उभं राहिलं. चहा पिऊन होईपर्यंत चारही पदर ओलांडून खाली टेबलावर टोक टेकलं होतं. आत जाताना शेपटी आपोआप गळून पडली.

अंगणात पन्नास बिया पेरल्या आहेत. अनुया येईपर्यंत भिंतभर वेल होईल.

५ जानेवारी २०२५, रविवार

पन्नासांतलं एकही उगवलं नाही. माती उकरली. बिया जशाच्या तशा, कडक, चकचकीत. पुस्तक सांगतं की पुष्कळ झाडांचं बी आईच्या सावलीत रुजत नाही. जागा, पाणी, ऊन यांसाठी आई आणि लेकरांत भांडण नको म्हणून झाडं बी लांब धाडतात. रुई म्हातारी करून वाऱ्यावर सोडते, तेरडा फट्कन उडवतो, वड पाखरांना फळ चारतो, गोखरू पायाला चिकटतो. त्यासाठी किती लाचलुचपत आणि किती जबरदस्ती! आपण समजतो झाड जागचं हलत नाही. अरे, त्याच्याइतकं कोणी फिरलेलं नाही.

हे वाचताना मला एकदम सुचलं. यंदाचं वाण! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण काय लुटतो? प्लॅस्टिकचे डबे, चमचे, साबणाच्या वड्या. चाळीस घरांत चाळीस डबे, आणि कपाट उघडलं की डोक्यावर पडतात. मी यंदा बी लुटणार. प्रत्येकीला खणाच्या तुकड्याची छोटी पुरचुंडी, आत परदेसणीच्या पाच बिया. ज्या बाईनं आजवर फक्त मागे झाडं सोडली, तिच्या हातात पहिल्यांदा बरोबर न्यायचं झाड!

राजन पुरचुंड्या भरायला बसला आहे. मी शिवणाचं अंगुस्तान घातलंय, त्याला ते जमत नाही. तीनदा टोचून घेतलं, बोट तोंडात घातलं आणि म्हणाला, अगं, दुखत नाही मुळीच.

१९ जानेवारी, रविवार

आजचं हळदीकुंकू जयपूरच्या मराठी मंडळाच्या लक्षात राहील. सी-स्कीममधून आल्या, झोटवाड्याहून बस बदलून आल्या. चाळीस पुरचुंड्या कमी पडतील की काय अशी गर्दी.

मी बोलले. नुसती उभी राहिले आणि शब्द येत गेले. म्हटलं, भगिनींनो, बी वाऱ्यावर जातं म्हणून त्याला कुणी बिचारं म्हणतं का? ते जिथे पडतं तिथे गाव वसवतं! आपली बदली ही शिक्षा नव्हे, आपण पेरल्या गेलो आहोत! टाळ्या थांबेनात. कीर्ती, ती विमा कंपनीतली तरुण पोरगी, डोळे पुसत होती.

पुरचुंड्या उघडल्यावर एकच गोंधळ. अगं आई गं, टोचलं, मलापण, ताई हे वाण आहे की इंजेक्शन? आसावरीताई म्हणाल्या की रत्नप्रभाताईंचं सगळंच टोचणारं, भाषणसुद्धा. केवढं हसलो. शेजारची प्रतिमा इथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलते. म्हणाली, मतलब ताई, एकदम युनिक आहे ना हे, प्लास्टिक नाही, काही नाही. मी तिला सांगितलं की कुंडीत लाव आणि रोज एक मराठी शब्द बोल तिच्याशी.

घरी आल्यावर पाय दुखत होते, पण मन भरलं होतं. इतकं पटवून देणं मला आजवर जमलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

राजन निवृत्त झाला, नऊ दिवस झाले. घरात त्याचा पाय ठरत नाही. सकाळी फिरायला जातो तो अकराला उगवतो. जेवून उठला की पुन्हा चपला. कुठे जातोस विचारलं तर म्हणतो, असाच, लांबवर. प्रतिमा म्हणाली, ताई, रिटायरमेंटनंतर सगळ्यांचं असंच होतं, माझ्या पप्पांचं पण झालं होतं. असेल.

मंडळाच्या ग्रुपवर गमतीची लाट आली आहे. कीर्तीनं स्वतः अर्ज करून भोपाळची बदली मागून घेतली. आसावरीताई इंदूरला बहिणीकडे निघाल्या, बहिणीशी बारा वर्षं अबोला होता तो सोडून! साधना चारधामला जाणार म्हणते, फेब्रुवारीत, बर्फात. सगळ्या लिहितात की ताई, तुमच्या भाषणानं हिंमत दिली.

बोलण्याला इतकं बळ असतं, हे मी नेहमीच म्हणत आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

राजनच्या उजव्या तळपायात काळा ठिपका. नखानं खरवडला, निघत नाही. त्वचेखाली आहे. डाव्यात दोन. टोचलं होतं बोटांना, मग ठिपके पायात कसे? डॉक्टरांनी पाहिलं, तीळ म्हणाले, निवृत्तीनंतर माणूस स्वतःकडे फार बघतो म्हणाले. राजन हसला. मला हसू आलं नाही.

तो आता दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालतो. दमत नाही. जेवत नाही, पाणी मात्र तांब्यांमागून तांबे.

ग्रुपवरून एकवीस जणी गेल्या आहेत. जयपूरबाहेर, असं म्हणायचं आहे मला. प्रत्येकीकडे कारण आहे आणि कारण चांगलंच आहे. आजारी सासू, जुनं गाव, नवी नोकरी. एकही कारण खोडता येत नाही. मी बसून एकेक खोडून पाहिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी राजन अंगणात उभा होता, अनवाणी, जुन्या वाफ्यात. नळी सुरू करून स्वतःच्या पायांवर पाणी सोडत होता. माती घोट्यापर्यंत आली होती. मी हाक मारली तर दचकला नाही, शांतपणे म्हणाला, इथे होत नाही.

काय होत नाही, विचारलं. म्हणाला, इथे तिच्या फार जवळ आहे. आणि भिंतीकडे मान केली.

नंतर आंघोळ करून आला तेव्हा अगदी नेहमीचा. जबलपूरला जाऊन येतो म्हणाला. आपला पेरू बघून येतो, तुझ्या भाषणात इतकी वर्षं ऐकतोय, जगला का तरी बघू. दोन दिवसांत परत. मी नको म्हटलं. का नको, ते मला सांगता येईना. मला! तो सहाच्या गाडीनं गेला.

चपला दाराशी आहेत. ओळीनं लावलेल्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

घरमालकांकडून गंधारचा नंबर घेतला. फोन त्याच्या भावानं उचलला. सुरुवातीला फोन ठेवायलाच निघाला. मी म्हटलं, मी त्याच घरात राहते, माझा नवरा अनवाणी गेला आहे. मग बोलला.

गंधार गेल्या वर्षी दर्यापूरला पोचला तो स्टेशनापासून चालत, पाय फाटलेले. घरात आलाच नाही. शेताच्या बांधावर जाऊन बसला, म्हणाला, इथली माती मऊ आहे. आईनं ताट नेलं, त्यानं नुसतं पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी चौघं मिळून उचलायला गेले तर उठेना. ओढलं तेव्हा पायाखालून तटातट आवाज आला. भाऊ म्हणाला, मुळं तुटतात ना ताई, तसा. तो किंचाळला नाही, आम्हीच किंचाळलो.

अकरा दिवस जिवंत होता. हसतमुख होता, म्हणे. आता बांधावर वेल आहे, शेंगा धरल्या आहेत. आणि भाऊ म्हणाला, आई परवापासून पुण्याला जायचं म्हणतेय. पुण्यात आमचं कोणी नाही.

अनुयाला फोन केला. येऊ नकोस. कारण विचारलं, मी काहीतरी सांगितलं. तिकीट रद्द करवलं. ती दुखावली आहे. असू दे. घरी आहे, सुखरूप आहे. पोर आणि पोटातलं पोर या अंगणापासून हजार किलोमीटरांवर आहे, आणि मला एवढंच राखायचं आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रुपवर सगळं लिहिलं. बिया शिवू नका, मातीत टाकू नका, चुलीत घाला, तळवे तपासा, कुठेही जाऊ नका.

उत्तरं आली. टाळ्यांची चित्रं. ताई, काय रंगवता हो! पुढच्या कार्यक्रमाला हाच विषय घ्या. एकीनं लिहिलं, दिलेलं वाण कुणी परत मागतं का, सवाष्णीला शोभत नाही. तीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट शेवटची हाक असल्यासारखी ओरडून सांगितली. आता खरी हाक आली, तर ती माझ्या नेहमीच्या आवाजात आहे.

राजनचा फोन लागतो, उचलत नाही.

१ मार्च, शनिवार

जबलपूरहून फोन. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाई. नंबर त्यानंच दिला. तुमचे मिस्टर परसात पेरूखाली बसलेत, हलत नाहीत, घरी कळवा म्हणाले. पेरू मोठा झालाय म्हणाल्या. गोड आहे.

बाईंनी त्याला फोन दिला. म्हणाला, रत्ना, इथे होतंय.

मग बराच वेळ नुसतं पाणी पडल्याचा आवाज.

मी जायला हवं होतं. उठलेही. दारापर्यंत गेले आणि कळलं की गेले तर अनुयाला सावध ठेवायला मागे कोणी नाही. थांबले. देवा, मी थांबले.

३ मार्च, सोमवार

पवनजींना घेऊन वेल तोडली. मुळापासून. कोयता घातला की शेंगा फुटायच्या, टक् टक् टक्, सगळ्या एकदम, गारांसारख्या. पवनजी डोळे झाकून ओरडले, मैडमजी, ये तो मार रही है! मी तोंडावर पदर घेतला. हातात मोजे होते. पायात बूट होते.

पेटवली. अंगारात बिया तडतडत राहिल्या. धूर खाली बसला.

संध्याकाळी पवनजींचा गमछा झटकला. बियांनी भरलाय असं वाटलं. जवळून पाहिलं तर बी एकही नव्हतं, गळालेल्या शेपट्या. नुसत्या शेपट्या.

५ मार्च, बुधवार

पवनजी आले नाहीत. बायको म्हणाली, झोटवाड्याला भावाकडे गेले. भावाला विचारलं. तिथून पुढे गेले. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. अनवाणी.

मोजे काढले. मनगटावर तीन ठिपके. मोजे जिथे संपतात तिथेच.

आता सांगायला नको की ते पायाकडे सरकतील.

८ मार्च, शनिवार

ठिपके घोट्यांत. दुखत नाही. हेच सगळ्यात वाईट. छान वाटतं. खिडकीत उभी राहिले की रस्ता दिसतो आणि छाती भरून येते, पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले होते तशी.

मी जाणार नाही. मी ठरवलं आहे, आणि मी ठरवलेलं मोडत नाही. भाड्याच्या घरात मरेन. सिमेंटच्या फरशीवर, माती नाही तिथे. बियांना पाय हवेत, मी देणार नाही.

अनुयाचा फोन. आई, तू रागावलीस का माझ्यावर? असा आवाज.

९ मार्च, रविवार

एक विचार सकाळपासून. अनुयाला मी इथे येऊ दिलं नाही ते बरोबरच. पण मग सातव्या महिन्यात तिच्याजवळ कोण? सासू नाही. नवरा दिवसभर बाहेर. डोहाळजेवण कोण करणार? पोरीला आई हवी. मी तिला तोडलं, तर आता मीच—

नाही.

वर जे लिहिलं ते पुन्हा वाचलं. प्रत्येक शब्द खरा आहे. खोडून पाहिला, खोडता येत नाही. कारण चांगलं आहे. सगळ्यांची कारणं चांगली होती.

अनुयाच्या बाल्कनीत चाळीस कुंड्या आहेत.

१० मार्च, सोमवार

अनुयाला फोन केला. सांगायचं होतं, मी आले तर मला आत घेऊ नकोस. तोंड उघडलं आणि आवाज आला, गोड, भरलेला. येते गं बाळा, तुझ्या आवडीचं सगळं घेऊन येते. ती आनंदानं रडली. मी फोन ठेवू शकले नाही. मीच बोलत होते. वीस मिनिटं. इतकं सुरेख मी कधी बोलले नव्हते.

तोंड गेलं. हात अजून माझा आहे. लिहिताना खरं लिहिता येतं. फक्त लिहिताना.

तिकीट काढलेलं आहे. मी काढलं. आठवत नाही. उद्या दुपारचं.

११ मार्च, मंगळवार, सकाळी

भिंतीवरून प्रतिमाला चिठ्ठी टाकली. देवनागरी वाचते ती. लिहिलं: काही विचारू नकोस, माझ्या दाराला बाहेरून कडी घाल, कुलूप लाव, मी आतून कितीही गोड बोलले तरी काढू नकोस.

बॅग भरलेली आहे. डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी. वर एक पुरचुंडी. मी ठेवली नाही. खणाची. मी ठेवली नाही.

चपला दाराशी लावल्या. पाय गार फरशीवर थांबत नाहीत—

अकरा वाजता

प्रतिमा आली. दार वाजलं, देवा, किती बरं वाटलं. उघडलं. हातात कुलूप नाही. खांद्याला बॅग. अनवाणी. हसली, म्हणाली, ताई, चिठ्ठी मिळाली, मतलब, मी पण निघालेच आहे, अमरावतीला, आमच्या जुन्या गावी, कधी बघितलंच नाही ना मी. गाडी आहे, चला, स्टेशनपर्यंत सोडते.

मी हो म्हणाले. इतक्या छान आवाजात—

ती बाहेर हॉर्न वाजवते आहे. एक पान उरलंय. फोटो काढून पाठवते. तोंडावर विश्वास ठेवू नकोस, अनुया. अक्षरावर ठेव. हे अक्षर तुझ्या आईचं आहे, दाखल्यांवर सह्या करणारं.

नऊ गावांतून तुला फरफटत नेलं. कधी विचारलं नाही. आता एकच मागते.

परवा सकाळी बेल वाजेल. मी असेन. अनवाणी असेन, लाडू असतील हातात, पाणी मागेन. आई म्हणून मागेन, रडेन, बाळाची शपथ घालीन. मी फार चांगलं बोलते, तुला माहीत आहे. कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. तू म्हण. साखळी लाव. कुंड्यांची माती आत्ता, आत्ताच्या आत्ता—

हात जड

अनुया, येते मी, चार दिवस राही— नाही. नाही. हे मी नाही. वरचं मी. साखळी लाव. मी हाक मारीन. तू दार उघडू न